आधी तुम्ही ऐका

बायको गेल्यावर तिचा आवाज माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्येच उरला होता. मी शिकवतो त्या शाळेतल्या एका अंध मुलीसाठी तिनं धडे वाचून रेकॉर्ड केले होते. एक दिवस हार्ड डिस्क बंद पडली. दुकानदारांनी हात वर केले, तेव्हा कुणीतरी मला जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका कामगाराकडे पाठवलं.

तो लोखंडी सळ्या बनवणाऱ्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता. घरचा कॉम्प्युटर त्यानं भंगारातले भाग जमवून स्वतः जोडला होता. डबा उघडाच, शेजारी टेबलफॅन. आतल्या कशालाही हात लावण्याआधी तो डब्याच्या पत्र्याला बोट टेकवायचा.

"अंगातली वीज उतरून जाती," तो म्हणाला. मग डिस्क जोडून त्यानं तिला कान लावला आणि डोळे मिटले.

"मेली न्हाई सर, थकलीय. जल्दी केली तं जाईल."

त्याच्याकडे एक फुकटचं, इवलंसं सॉफ्टवेअर होतं. ते खराब जागा सोडून आधी चांगलं तेवढं उचलायचं, मग सोडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन बघायचं.

तिसऱ्या दिवशी गेलो, तर सगळे धडे निघाले होते.

"आवाज नीट आहे ना?" मी घाबरत विचारलं.

"फाइली बराबर उघडून राह्यल्या. स्क्रीनवर आवाजाच्या वर-खाली रेघा दिसल्या मला. पण स्पीकर लावलाच न्हाई. आधी तुम्ही ऐका."

त्यानं स्पीकरची वायर जोडली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

तीन दिवस माझ्या बायकोचा आवाज त्याच्या हातात होता, आणि त्यानं तो ऐकला नव्हता. मी बराच वेळ त्या दाराकडेच बघत राहिलो.