डावणीतलं परकं जनुक

"भुरी आहे, भुरीचं औषध मारा," असं मी द्राक्षबागायतदार सर्जेराव आण्णांना फोनवर सांगून मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते तासगावकडून थेट आमच्या सांगलीच्या पीकरोग तपासणी लॅबमध्ये आले. हातात जेवणाचा डबा. डब्यात ओला पेपर, पेपरात द्राक्षाचं पान.

"मॅडम, औषध न्हाई मारलं," ते म्हणाले. "रातभर पान दमट ठिवलं. उलटं करून बघा की. ही डावणी हाय."

पानाच्या मागं पांढरी लव आली होती. भुरी राखेसारखी वर बसते, डावणी मागून उगवते. दोन्ही द्राक्षाचे रोग, पण एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही. बाग फुलोऱ्यात होती. चुकीच्या फवारणीत चार दिवस गेले असते तर घड जळून आण्णांचं वर्षच गेलं असतं. त्यांनी आदल्या दिवशी पाठवलेलं पान मी न बघताच वाटून जनुक तपासायच्या मशीनला दिलं होतं. मला लाज वाटली.

मी लॅबप्रमुख सरांकडे गेले. "सर, कालचा रिपोर्ट थांबवा."

"का? जनुक बुरशीशी जुळलंय ना?"

"जुळलंय. पण पान वेगळं सांगतंय."

ती लव पाण्याच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली ठेवली. बिनपानांची बारीक झाडं दिसली, फांद्यांच्या टोकांना दाणे. बऱ्याच वेळानं दाणे फुटले आणि इवले जीव बाहेर येऊन पोहू लागले. भुरी पोहत नाही. माझा चहा गार झाला तरी मी बघतच होते.

डावणीला आपण बुरशी म्हणतो, पण ती पाण्यातल्या शेवाळांच्या नात्यातली. फार पूर्वी, माणूसही नव्हता तेव्हा, तिच्या पूर्वजांत खऱ्या बुरशीची काही जनुकं शिरली. आईबापाकडून नव्हे, शेजाऱ्याकडून. कशी, ते कुणी पाहिलेलं नाही. मला मात्र कुठल्याशा रानातलं एक ओलं पान दिसत राहिलं, त्यावर दोन परके जीव अगदी चिकटून. आमच्या नव्या टेस्टनं त्यातलंच एक जनुक पकडलं होतं, झाडाची पेशी फोडणारं; आणि भुरी खरी बुरशी, म्हणून मी भुरी धरली होती.

हे आण्णांना सांगितलं.

"म्हंजी शेजाऱ्याचं अवजार आणलं, आन परत दिलंच न्हाई?"

"तसंच."

दुपारी त्यांनी डावणीचं औषध मारलं. बांधाकडची एक ओळ गेली, बाकी बाग वाचली. एका जनुकावर रिपोर्ट देणं सरांनी बंद केलं.

आता आलेलं पान मी आधी ओल्या पेपरात ठेवते, मग मशीनला देते. त्या दिवशी आण्णा डबा विसरून गेले होते. तो मी परत दिलाच नाही.