सुरुचीच्या शब्दावर घेतलेली वॉरंटी

जेल रोडवरच्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सुरुची लांभातेला नऊ वर्षं झाली होती. बिल करताना गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "ताई, ही जास्तीची वॉरंटी घेऊ का?" सुरुची मोकळेपणानं सांगायची. मिक्सरवर नका घेऊ, इस्त्रीवर तर मुळीच नको. फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा एसी असेल तर घ्या, त्यांची दुरुस्ती परवडत नाही. मालक भूषणजी आधी कुरकुरले. पण लोक तिच्यावर विश्वास ठेवून परत यायला लागले, तसे ते तिला चारचौघांत 'आमची लेक' म्हणू लागले.

एप्रिलमध्ये सुमनबाईंचा फोन आला. शाळेत त्यांनी तिला गणित शिकवलं होतं.

"सुरुची, तुझ्या सांगण्यावरून वॉरंटी घेतली ना, त्या फ्रिजचा कंप्रेसर गेला गं. कंपनीवाले म्हणतात, तुमच्या नावावर वॉरंटीच नाही."

"काहीतरी गडबड असेल बाई, मी बघते ना."

तिनं कंपनीला फोन लावला. बाईंच्या फ्रिजचा नंबर त्यांच्याकडे खरंच नव्हता. मग मनात पाल चुकचुकली म्हणून तिनं दुकानाच्या कपाटातली वॉरंटीची आणखी अकरा बिलं काढली. त्यातली फक्त दोन कंपनीकडे नोंदलेली होती. शेवटी तिनं इथूनच वॉरंटीसकट घेतलेल्या स्वतःच्या वॉशिंग मशीनचा नंबर सांगितला. तोही नव्हता.

भूषणजी चहा पीत होते. बिलं पाहूनही त्यांचा चेहरा हलला नाही.

"अगं, शंभरातले चार लोक परत येतात. त्यांचं आपण इथूनच निपटवून देतो. कंपनीला खामखाँ पैसे कशाला भरायचे?"

"मग सुमनबाईंचं द्या करून."

"कंप्रेसर महंगा पडतो. बघू, नंतर."

"भूषणजी, लोक मला विचारून घेतात हे!"

"म्हणून तर तुला काउंटरवर बसवली, बेटा."

सुरुचीनं बिलं परत स्वतःकडे ओढली. आपला खरेपणा हा माणूस नऊ वर्षं विकत होता, आणि आपण त्याला दिवाळीला वाकून नमस्कार करत होतो! बिलांचे फोटो तिनं मोबाईलवर काढून घेतले आणि पर्स उचलून ती थेट बाईंच्या घरी गेली.

ग्राहक मंचात बाईंनी तक्रार लावली, सुरुचीनं सही करून जबाब दिला. सुनावणीच्या आधीच दुकानानं बाईंचा कंप्रेसर बदलून दिला. बाकीच्यांचं काय, ते दुकान बोलेना.

मग सुरुचीच वॉरंटी घेतलेल्या एकेकाला फोन करू लागली. कोणी आभार मानले, कोणी शिव्या घातल्या. सांवेरच्या कमलताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"नऊ वर्षं तिथं बसून तुला खरंच काही माहीत नव्हतं?"

"नव्हतं हो, ताई."

 कमलताईंनी फोन ठेवलाय की चालू आहे, हे पाहायला सुरुचीनं मोबाईल कानापासून दूर धरला. चालू होता.