फुगवून पाहिलेला मेंदू

मार्चातल्या दुपारी पत्रे तापून तडतडत होते, आणि माझ्या हातातल्या मोबाइलवर एक काळेभोर आकाश उघडले होते. त्यात हिरवे, जांभळे, शेंदरी तंतू एकमेकांत गुंतलेले, आणि जिथे तंतू तंतूला टेकतो तिथे ठिणगीसारखा ठिपका. उंदराच्या मेंदूचा रव्याच्या कणाएवढा तुकडा! पाठवणारी माधुरी, मी किनवटला शिकवत असतानाची माझी विद्यार्थिनी. आता ती परदेशी प्रयोगशाळेत मेंदूतल्या जोडण्या रेणूरेणूने नकाशावर मांडते.

पद्धत मोठी मनोहारी आहे. प्रकाशाला स्वतःची मर्यादा असते. फार जवळचे दोन बिंदू त्याला एकच दिसतात, मग भिंग कितीही उत्तम असो. तेव्हा या मंडळींनी भिंगाचा नाद सोडला आणि मेंदूचा काप पाणी पिणाऱ्या जेलीत मुरवून साबुदाण्यासारखा फुगवला. आतले रेणू आपला क्रम राखून एकमेकांपासून दूर सरकले, जातीजातीच्या रेणूंना रंगाची खूण मिळाली, आणि जे दाटीत झाकले होते ते साध्या प्रकाशात सुटे झाले.

हे वर्गात सांगावे, तर पहिल्याच बाकावरून प्रश्न येतो, "सर, हे नीटला येतं का?" शिकवण्यांच्या या शहरात कुतूहलालाही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते! भूकंपानंतर पत्र्याखालीच राहण्याच्या शपथा घेणाऱ्या लातूरने पुढे याच पोरांना खोल्या देण्यासाठी मजल्यावर मजले चढवले. माझ्याही घरावर चढले. हलली नाही ती फक्त आक्का, भूकंपात पती गमावल्यापासून माझ्याकडे राहणारी माझी थोरली बहीण. ती अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत राहते. गेल्या उन्हाळ्यात तिथेच उष्म्याने कोसळली. पुन्हा असे झाले तर वाचणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. पक्क्या घरात राहायला ये म्हणून मी तिला खांब, तुळया, त्यातले लोखंड, सारे फळ्यावर आकृती काढावी तसे समजावले. माणसाने तेच ते किती वर्षे सांगावे? तिच्या मेंदूतल्या कोणत्या सांध्याला हे भय चिकटले आहे, ते तुझ्या नकाशात सापडेल का, असे मी त्राग्याने माधुरीला विचारलेदेखील. "सर, अजून आमचा उंदराचा कणच संपत नाहीये," ती हसून म्हणाली, "आणि भीती काही एका ठिपक्यात बसत नसते."

शेवटी तोच फोन आक्कापुढे धरला.

"रांगोळी हाय का रं बापू?"

"मेंदू आहे. उंदराचा."

"मग त्याला अक्कल हाय म्हन की. भिंत हलली की उंदीर भाईर पळतंय. तुला मातर मास्तर हून बी कळंना."

मी चिडलो. छत पक्के आहे, आक्का, छत! आणखी काय हवे तुला?

"छताचं कुनी इचारलं?" ती पदराने घाम टिपत म्हणाली. "त्या पहाटं चौकट वाकडी झाली, आतली कडी निघंना. मागून तुझे दाजी म्हनत हुते, वढ, वढ. मग म्हनायचे थांबले."

पत्र्याच्या त्या दाराला ती कडीऐवजी सुतळी का बांधते, हे मला तेव्हा उमगले; घरातले आम्ही सगळे त्याला गबाळेपणा म्हणत आलो होतो. भय बोटभर लोखंडात बसले होते आणि मी अख्ख्या इमारतीचे गणित मांडत होतो! तिच्या त्या घट्ट मिटलेल्या वाक्याला पसरायला थोडी जागा, थोडा ओलावा कुणी दिला होता?

तळमजल्यावरच्या खोलीच्या कड्या, कोयंडे, साखळी, सारे सुताराकडून काढून घेतले. आक्का तिथे आली. आता दार सताड उघडे असते. धूळ आत, वरच्या पोरांच्या चपला पळवणारे कुत्रे आत, आणि भरदुपारी पंख्याखाली आक्का अशी घोरते की मला उत्तरपत्रिका तपासणे अशक्य होते. वैतागून उठतो, दारापाशी जातो, आणि वाऱ्याने ते लागू नये म्हणून विटेचा तुकडा नीट सरकवून ठेवतो.