ऑटोतली दीदी आणि 'गेट'

रायपुरात माझी नोकरी टिकली ती गुढियारी वस्तीच्या ऑटोत रोज भेटणाऱ्या, माझ्याच मुलखाकडच्या एका दीदीमुळे. नाव मी कधी विचारलं नाही. राज्य नवं होतं, रायपूर राजधानी झालेलं, हॉटेलं अधिकाऱ्यांनी भरली होती. मी आठवीत शाळा सोडलेला, अशाच एका हॉटेलात कामाला. मालकानं बजावलं होतं, साहेबांचं इंग्रजी कळलं नाही तर अकोल्याला परत.

'गेट' या क्रियापदानं माझा जीव खाल्ला. आणणं गेट, समजणं गेट, पोचणंही गेट!

एकदा हे गाऱ्हाणं सांगितलं तेव्हा दीदी मांडीवरचा डबा सावरत हसली. "काहून घाबरून राहिला रे? तुह्या मायनं 'लागणं' शिकवलं तवा रडला होता का? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते. शब्दाले पाहू नको, बोलणाऱ्याच्या हाताकडे पाह्य."

"नौकरी लगेगी तब दुल्हन मिलेगी, भैया!" ड्रायव्हरनं टोला हाणला.

त्याच दिवशी एक साहेब हॉटेलच्या दारापाशी येऊन म्हणाले, "गेट द डोअर." हे गेट नवंच होतं. मग त्यांच्या दोन्ही हातांतल्या बॅगा दिसल्या आणि मी धावत दार उघडलं. मालकानं लगेच मला पुढच्या साहेबांच्या बॅगा उचलायला पाठवलं. म्हणजे मी राहिलो.

गावाहून आई आली की तिच्या हातचं पहिलं ताट या दीदीलाच वाढीन.