ऊ पो हान यांचा चष्मा

ऊले पो हान,

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, हे मला कळतं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. पण गेल्या आठवड्यात पुतण्याच्या घरी एक शहाणा म्हणाला, "इंग्रजांच्या काळातले जंगल ऑफिसर म्हणजे काय, नुसती चैन! बंगले, होड्या, शिकार." मी चहाचा पेला खाली आपटला. तुमची चैन मी पाहिलेली आहे. तुमच्या ताब्यात सात बंगले होते, सगळे लाकडी खांबांवर उभे, आणि सातही गळके. पावसाळ्यात एका बंगल्यातून दुसऱ्यात जायचं म्हणजे चार दिवस होडीत बसायचं आणि त्यातले दोन दिवस तापानं कुडकुडायचं. कोयनेलच्या गोळ्या तुम्ही बिस्किटाच्या डब्यात ठेवत होता आणि बिस्किटं उशीखाली. उंदरांना कोयनेल खाऊ द्या, म्हणायचात.

तुमची बायको पकोक्कूला चिरुटांचं दुकान चालवायची. जंगलात तिनं कधी पाऊल टाकलं नाही. एकदाच आमच्या गावी, छाउंग्वाच्या घाटापर्यंत आली, होडीतूनच बंगला बघितला आणि माझ्या आईला म्हणाली, "यांनी पहिलं लग्न नदीशी केलंय. मी आपली दुसरी. दुसरीनं लांब राहिलेलं बरं." आणि त्याच होडीनं परत गेली. तुम्ही घाटावर उभे राहून हसत होता. आईला ते हसणं आवडलं नाही, मला मात्र तुम्ही आवडलात.

माझे वडील ऊ क्यॉ यिन त्या छाउंग्वाच्या बंगल्याचे रखवालदार. ते तुम्हाला मान म्हणून सया म्हणायचे, मी काका म्हणून ऊले, आणि तुम्ही त्यांना अहो-जाहो करायचात. सरकारी माणूस रखवालदाराला अहो-जाहो करतो याची गावात थट्टा व्हायची. मी न्हाणीत पाणी भरायची, कंदिलाच्या काचा पुसायची आणि तुमचा चष्मा शोधायची. हे तिसरं काम सगळ्यात मोठं होतं. तो कधी तांदळाच्या मडक्यात सापडायचा, कधी होडीत. डोळे अधू आहेत हे वर कळलं तर झाडं निवडायचं काम काढून घेतील, म्हणून वरचा इंग्रज साहेब तपासणीला आला की तो खिशात जायचा आणि तुम्ही कागद हातभर लांब धरून वाचायचात. मला एवढ्याशा वयात ते कळत होतं. साहेबाला कळलं नाही, यावरून साहेब लोक किती बघत होते ते समजावं.

आता त्या वर्षाबद्दल. माझं नववं वर्ष होतं.

सागाचं झाड तसंच पाडत नाहीत. ओला साग नदीत बुडतो. म्हणून आधी बुंध्याभोवती साल आणि आतलं पांढरं लाकूड कोरून कडं काढायचं, झाडाला उभ्या उभ्या मारायचं, तीन वर्षं वाळू द्यायचं. कोणतं झाड मरायचं ते तुम्ही ठरवायचं आणि त्यावर आपला हातोडा मारायचा. हातोड्याची खूण उमटली की कडं काढणारे पुढे होणार. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी ते झाड वाचत नाही.

ओढ्याच्या तोंडाशी एक जुना साग होता. त्याच्यावर गावाला राखणारा देव, आमचा नत, राहायचा. बुंध्याशी छोटंसं बांबूचं घर, त्यात केळी, नारळ, फुलं. दरवर्षी पाण्याच्या सणाच्या महिनाभर आधी ते घर उतरवून नवं बांधतात आणि मधले दोन दिवस बुंधा उघडा असतो, नीट बघितलं तर बांबूचे वळ तेवढे दिसतात. तुमची टोळी नेमकी त्या दोन दिवसांत तिथं पोचली. वाटेत तुमच्या लक्षात आलं की चष्मा राहिला. वाट दाखवायला बरोबर आलेल्या वडिलांना तुम्ही मागे पाठवलं. मी तो पलंगाखालून काढून त्यांच्या हातात दिला, म्हणून मला सगळं पक्कं ठाऊक आहे. वडील असते तर त्यांनी तुमचा हात धरला असता. पण तुम्हाला धीर नव्हता. ऊन चढत होतं. चांगला जाडजूड साग दिसला, चालवला हातोडा. वडील चष्मा घेऊन पोचले तेव्हा कडं अर्धं झालं होतं.

गावानं तुम्हाला काही म्हटलं नाही. सरकारला कोण म्हणणार? गावानं वडिलांना धरलं. टोळीत आपला माणूस असून झाड कसं मेलं? वडील गप्प राहिले. चष्म्याचं सांगितलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. तुम्हीही गप्प राहिलात, ऊले. पाच आठवडे. मी हे विसरलेले नाही.

मग पाण्याचा सण आला. तीन दिवस ज्याला त्याला भिजवायचं. मुखियाला भिजवतात, भिक्षूंच्या हातांवर ओंजळभर तरी ओततात, म्हशीलासुद्धा सोडत नाहीत. पहिल्या दिवशी मी नवी लुंगी नेसून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. आम्ही जवळ आलो की बादल्या खाली जात होत्या. आई कोरडी, वडील कोरडे. दुसऱ्या दिवशी तेच. आमच्या घरी कुणी जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बंगल्यावर आले. तुम्ही व्हरांड्यात चष्मा लावून साहेबासाठी अहवाल लिहीत होता. हॅस्लम साहेब दुपारी तपासणीला येणार होता.

"ऊले, माझ्याकडे बघा," मी म्हणाले. "दिसतंय का?"

"काय झालं गं, मिन्यो? पडलीस?"

"कोरडी आहे."

तुम्हाला आधी कळलंच नाही. मग तुम्ही उठून माठातून पेला भरलात. "ये, मी ओततो."

"तुमचं पाणी नको मला. बाबांवर गावानं ओतायला पाहिजे."

तुम्ही ते पाणी स्वतःच प्यायलात आणि म्हणालात, "साहेब जाऊ दे. उद्या बोलतो मी गावाशी."

"उद्या सण संपला."

आमच्या गावात नताला दुसऱ्या झाडावर न्यायचं तर ज्यानं घाव घातला त्यानंच विनवावं लागतं. अनवाणी, मोठ्यानं, आपलं नाव सांगून, आपली चूक सांगून, सगळ्यांसमोर. सरकारी बूट घालून तुम्हाला ते करता आलं नसतं.

तुम्ही दुपारी गेलात. साहेबाची होडी घाटाला लागत होती तेव्हाच गेलात. बूट बंगल्याच्या पायरीवर ठेवलेत. साहेब बुटांकडे बघत राहिला आणि मग गर्दीच्या मागे येऊन उभा राहिला. त्याला आमची भाषा चांगली यायची.

"मी पो हान," तुम्ही झाडाला म्हणालात. "हातोडा माझा. चष्मा घरी विसरलो होतो. तो आणायला ऊ क्यॉ यिनना मीच मागे पाठवलं. ते इथं नव्हते. मला त्याशिवाय नीट दिसत नाही. माझी चूक झाली. आपण दुसऱ्या झाडावर चलावं."

मग नताचं घर सांभाळणारी फ्वा सो म्हातारी म्हणाली, "अगं बाई! आंधळ्याच्या हाती हातोडा दिला होय सरकारनं? आणि आम्ही म्हणतोय रखवालदार वाईट."

कुणीतरी फिस्सकन हसलं. म्हातारीनं जवळच्या पोराची बादली हिसकली, वडिलांपुढे गेली आणि ती अख्खी त्यांच्या डोक्यावर उलटी केली. "दोन दिवसांचं घे आता एकदम!" मग जे सुरू झालं त्यात मला श्वास घेता येईना इतकं पाणी नाकातोंडात गेलं. आई रडत होती की भिजली होती, ते कळायला मार्ग नव्हता. तुमच्यावर मात्र कुणी ओतलं नाही. तुम्ही केळी घेऊन नताला ओढ्यापलीकडच्या पडौकाच्या झाडावर पोचवायला निघाला होतात, कोरडे.

साहेबानं रागावून काही म्हटलं नाही. फक्त फाइलीत एक ओळ लिहिली, डोळ्यांबद्दल. झाडं निवडायचं काम गेलं आणि बढती गेली ती कायमची. पुढची बारा वर्षं तुमच्याकडे ओंडके मोजणं, तराफे सोडणं आणि गळके बंगले. ते मेलेलं झाड नियमानं पाडायचं होतं. तुम्ही दरवर्षी कागदावर लिहीत गेलात, "पाडण्यास धोकादायक." तसला धोका मला तरी तिथं कधी दिसला नाही.

तुम्हीच वडिलांना म्हणालात, "हिला शिकवा, नाहीतर ही लोकांना कोर्टात खेचेल." म्हणून मी मंडालेला गेले, मग रंगूनला कॉलेजात. सुट्टीत येऊन मीच तुम्हाला तोंडावर इंग्रजांचा नोकर म्हणाले. तुम्ही चिरूट पेटवत म्हणालात, "आहेच. त्यांना नद्यांची नावं सांगायला कुणीतरी लागतं ना. नाहीतर स्वतःचीच देतात."

नोकरी संपल्यावर तुम्ही मोनीवात राहिलात. बायको शेवटी तिथं आली, नदी दिसणार नाही असं घर शोधून. एकेचाळीस सालच्या पावसाळ्यात तुमचं पत्र आलं, अक्षरं ओळींवरून घसरलेली. सोबत डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी. "मिन्यो, इथं एवढ्या जाड काचा मिळत नाहीत. रंगूनला करून घे आणि सणाला घेऊन ये. आपण छाउंग्वाला जाऊ. तो साग अजून उभा आहे म्हणतात. मी त्याला चष्मा लावून एकदाही नीट पाहिलेलं नाही."

चष्मेवाला माझ्या वसतिगृहापासून दहा मिनिटांवर होता. आधी परीक्षा होती. मग मैत्रिणीचं लग्न निघालं. मग म्हटलं, सणाला अजून चार महिने आहेत. डिसेंबरात रंगूनवर बाँब पडले आणि आम्ही मिळेल त्या वाटेनं उत्तरेला पळालो. चष्मेवाल्याची गल्ली राहिली नाही. त्या साली सण झाला की नाही, आठवत नाही. तुम्ही गेल्याचं मला दीड वर्षानं कळलं.

चिठ्ठी माझ्याकडे आहे. उजव्या डोळ्याचा नंबर वाचता येतो. डाव्याची शाई पळताना भिजली.