पडद्यावरचं विमान आणि खाली माझं नाव

सिनेमा संपल्यावर पडद्यावर जी नावं वर सरकत जातात, त्यांत माझंही नाव आहे. 'विमानविषयक तांत्रिक सल्ला' असं लिहून पुढं मी. गाड्या पुरवणाऱ्यांच्या खाली आणि जेवण पुरवणाऱ्यांच्या वर. ते काढून टाका म्हणून मी दिग्दर्शकाला तीनदा फोन केला. त्याला वाटलं, मी लाजतोय.

मी सव्वीस वर्षं विमानं दुरुस्त केली. मोठी प्रवासी विमानं नव्हेत. परराज्यात वैमानिक घडवणारी एक खासगी संस्था होती, तिथली चार माणसांची छोटी विमानं, पुढं एकच प्रोपेलर असलेली. नोकरी संपल्यावर बेंबळीला परत आलो आणि भावाबरोबर शेत बघायला लागलो. गावात माझी ओळख 'विमानवाले' अशी झाली. ती मी कधी नाकारली नाही, खरं सांगायचं तर आवडायची.

मागच्या हिवाळ्यात मेहुण्याचा फोन आला. त्याचा धाराशिवला मंडप आणि जेवणाचा धंदा आहे. शहराबाहेरच्या धावपट्टीवर मराठी सिनेमाचं शूटिंग होणार होतं आणि साठ माणसांचं जेवण त्याच्याकडं होतं. त्यानं वाढता वाढता दिग्दर्शकाला सांगून टाकलं होतं की आमच्या दाजींचा जन्म विमानात गेलाय. "त्यांना माणूस पाहिजेच होता दाजी," तो म्हणाला. "तुम्ही नुसतं या. बरोबर काय, चूक काय, तेवढं सांगायचं."

बरोबर काय, चूक काय, हे सांगायला मला कुणी बोलावलं असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. घरी टीव्हीवर विमान आलं की मी तोंड उघडायचो आणि बायको आवाज वाढवायची. मी इस्त्रीचा शर्ट घातला, एक नवी वही घेतली आणि सकाळी सातच्या एसटीनं निघालो.

दिग्दर्शक पस्तिशीच्या आतला, पुण्याचा, बोलायला गोड. त्यानं मला खुर्ची दिली आणि विमानाच्या प्रसंगांची पानं वाचायला दिली. गोष्ट अशी होती की खेड्यातला पोरगा वैमानिक होतो, आपल्याच गावावरून उडताना त्याचं इंजिन बंद पडतं आणि विमान दगडासारखं खाली कोसळतं. मी वाचता वाचता वहीत लिहीत गेलो. दुपारपर्यंत तीन पानं भरली.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला एकेक सांगितलं. नायक रेडिओवर 'ओव्हर अँड आऊट' म्हणतो. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. 'आऊट' म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकदम म्हणणं म्हणजे समोरच्याला 'हं, बोला' म्हणायचं आणि फोन ठेवून द्यायचा. तो हसला आणि म्हणाला, लोकांना तेच ऐकायची सवय आहे. मग मी कानावरच्या हेडफोनचं सांगितलं. त्याशिवाय त्या आवाजात शेजारच्याचं बोलणंसुद्धा कळत नाही. त्यावर तो म्हणाला की नायकाचे केस दबतात. शेवटी तडजोड म्हणून हेडफोन गळ्यात अडकवायचं ठरलं.

इंजिनाच्या गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. पंख जागेवर असतात. नाक बेतानं खाली धरलं की विमान तरंगत, उतरत येतं आणि वैमानिकाला मोकळं शेत शोधायला वेळ मिळतो. आमच्या संस्थेत शिकायला आलेल्या पोरांकडून हे पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. तुमचा नायक एवढा हुशार दाखवलाय, मग त्याला एवढं येत नाही का?

दिग्दर्शकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, विमान तरंगत आलं तर लोक रडणार कशाला?" तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "पण आपण बघू."

त्या 'बघू'चा अर्थ मला उन्हाळ्यात सिनेमा बघितल्यावर कळला.

दुसऱ्या दिवशी नायिकेचा प्रसंग होता. विमान उतरून उभं आहे, प्रोपेलर फिरतोय आणि ती समोरून धावत येते. भाड्यानं आणलेल्या विमानाबरोबर आलेला वैमानिक होता, वयानं पोरगाच म्हणायचा. तो म्हणाला, मी इंजिन अगदी हळू ठेवतो, मॅडम दहा फुटांवर थांबतील. दिग्दर्शकानं जमिनीवर खडूनं रेघ मारली.

मी वही मिटली. हे केसांचं किंवा बोलण्याचं नव्हतं. दिग्दर्शकाला मी म्हणालो, इंजिन चालू असताना समोरून कुणीही जाणार नाही. तो म्हणाला की रेघ मारली आहे, सगळे इथंच आहेत, आणि अकराच्या आत झालं नाही तर ऊन बदलतंय. आवाज चढवला नाही, पण आदल्या दिवशीचा गोडवा नव्हता. मेहुणा लांबून हातानं मला गप्प बसा म्हणून खुणावत होता. साठ माणसांचं जेवण त्याच्या डोळ्यापुढं दिसत असणार.

मी सरळ त्या मुलीकडं गेलो. झाडाखाली खुर्चीवर बसून ती संवाद पाठ करत होती. तिनं विचारलं, "काका, खरंच एवढं धोक्याचं असतं का?"

मग मी तिला ते सांगितलं, जे बायकोलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. संस्थेत आमच्याबरोबर एक मदतनीस होता. शिकाऊ वैमानिकाची विसरलेली वही द्यायला तो विमानाकडं पळाला. इंजिन सुरू होतं. वेगानं फिरणारा प्रोपेलर डोळ्याला दिसत नाही, तिथं नुसती हवा असल्यासारखं वाटतं. तो रोज विमानांमध्ये वावरणारा माणूस होता, त्याला सगळं माहीत होतं. पळताना तेवढं डोक्यात राहिलं नाही. त्याचा उजवा हात कोपराच्या वरून गेला. मी आणि माझा एक मित्र, आम्ही दोघांनी त्याला उचलला.

ती उठली, दिग्दर्शकाकडं गेली आणि इंजिन बंद असेल तरच धावेन म्हणाली. पाच-दहा मिनिटं कुजबूज चालली. शेवटी इंजिन बंद करायला लावलं. मी वैमानिकाकडून चावी काढून घेतली, चाकांना ठोकळे लावले, मगच बाजूला झालो. ती धावली, त्यांच्या मनासारखं झालं. संध्याकाळी मी एसटीत बसलो तेव्हा आपण काहीतरी चांगलं काम केलं असं वाटत होतं. मेहुणा मात्र चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

सिनेमा उन्हाळ्यात सोलापूरला लागला. मेहुण्यानं गाडी केली आणि आम्ही सगळे गेलो. सुरुवातीच्या अर्ध्या तासातच मी खुर्चीत खाली सरकायला लागलो. पंख वरच्या बाजूला असलेलं विमान धावपट्टीवरून उडालं आणि आभाळात गेल्यावर त्याचे पंख खालच्या बाजूला आले. कुठून तरी दुसऱ्याच विमानाची चित्रं आणून जोडली होती. आवाज प्रोपेलरच्या विमानाचा नव्हता, मोठ्या जेटचा होता. इंजिन बंद पडलं तेव्हा विमान दगडासारखंच पडलं आणि बंद इंजिनाचा आवाजही खालपर्यंत येत राहिला. नायक 'ओव्हर अँड आऊट' म्हणाला. माझी बायको रडत होती.

मग नायिकेचा प्रसंग आला. इंजिन बंद होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. पण पडद्यावर प्रोपेलर गरगर फिरत होता. त्यांनी तो नंतर संगणकावर फिरवला होता. ती मुलगी केस उडवत थेट त्या फिरत्या पात्यांपुढं येऊन थांबली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी माझं नाव आलं. मेहुण्यानं आख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं सांगितलं, "हे आमचे दाजी."

गावात महिनाभर मला लोक थांबवून अभिनंदन करत होते. मी सांगायला लागलो की त्यात विमानाचं काहीच बरोबर नाही, की ते म्हणायचे, असू द्या, नाव तर आलं. ग्रामपंचायतीनं सत्कार ठेवला. तिथं मी माईकवर स्पष्ट सांगितलं की हा सिनेमा बघून कुणी फिरत्या प्रोपेलरसमोर जाऊ नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून एकानं विचारलं, नायिका जवळून कशी दिसते.

दिग्दर्शकाला केलेला तिसरा फोन मी रागातच केला होता. त्याला सांगितलं, माझ्याबरोबर काम केलेली माणसं हे बघतील. तो म्हणाला, "काका, तुमच्यामुळं तर आम्ही ते संगणकावर केलं. सुरक्षित झालं ना?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि माझा रागही जाग्यावर होता.

जुन्या सहकाऱ्यांचे फोन यायला लागले. बहुतेकांनी चेष्टा केली, ती मी ऐकून घेतली. पण सोनारीच्या मित्राचा फोन येईल याची मला भीती होती. ज्यानं माझ्याबरोबर त्या माणसाला उचललं होतं, तो हा. तो परांड्याकडं आपल्या गावीच राहतो आणि वर्षातून एकदा-दोनदा बोलतो. त्यानं हसून सुरुवात केली नाही.

"तू उभा असताना पोरगी समोरून पळाली व्हय?" त्यानं विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. रेघ, झाडाखालची खुर्ची, चावी, ठोकळे. नंतर त्यांनी संगणकावर काय केलं तेही सांगितलं.

"चावी कुठं होती?" तो म्हणाला.

"माझ्या खिशात."

"मग झालं की."

"पण ते दिसत न्हाय ना कुठं," मी म्हणालो. "दिसतंय ते उलटंच. आणि खाली नाव माझं."

तो म्हणाला, लोकांना काय दिसतंय ते सोड, मला कळलं. मग त्यानं तुरीचं विचारलं, मी त्याच्या गुडघ्याचं विचारलं. फोन ठेवल्यावरही माझी चिडचिड गेली नव्हती, पण कुणाला तरी पूर्ण हकीकत सांगून झाली होती.

आता तो सिनेमा मोबाइलवरही आला आहे. बायकोनं तो आणखी दोनदा बघितला. विमान पडायची वेळ आली की मी उठून अंगणात जातो आणि ती आतून विचारते, चहा ठेवू का म्हणून.