देवी झालेला कडुलिंब

सोलापूरच्या उन्हाळ्याचं कौतुक बाहेरगावच्यांना. आम्हाला तो नुसता सोसायचा असतो. हल्ली हवामान बदललं, ऊन वाढलं, असं जो तो सांगतो आणि ‘झाडे वाचवा’वर बोलायला मलाही बोलावतात, कारण मी शाळेत बाई होते. मी जात नाही. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीनं एक झाड वाचवलं होतं, त्याचा शीण अजून गेलेला नाही.

नवी पेठेच्या मागे आमच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. शेजारी एक तेलुगू विणकर कुटुंब राहायचं. नवरा दिवसभर मागावर, बायको विड्या वळायची. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. त्यांच्या खोलीत माग आणि माणसं मावली की श्वासाला जागा उरत नसे. चैत्र लागला की पत्रा तापायचा आणि आत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. म्हणून अक्का विडीच्या पानांचं सूप घेऊन समोरच्या कडुलिंबाखाली बसायची. नळाला पाणी यायची वाट बघत आम्हीही तिथंच. अख्ख्या गल्लीत सावली काय ती तेवढीच.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि रस्ता रुंद करायचं निघालं. कंत्राटदारानं झाडावर चुन्याची फुली मारली. गल्लीतले पुरुष चहा पिता पिता तावातावानं बोलले आणि आपापल्या कामाला गेले. अर्ज लिहिते, असं मी म्हणाले.

“अर्ज लिवून काय हुतंय बाई?” अक्का म्हणाली. “झाड तोडल्यावर मी कुटं बसू?”

त्या संध्याकाळी तिनं बुंध्याला हळद फासली, वर ठसठशीत कुंकू लावलं, एक दगड धुऊन खाली ठेवला आणि फांदीला हिरव्या बांगड्या बांधल्या. त्यांच्यात कडुलिंब म्हणजे देवीच, आणि आपल्याकडेही लिंबाखाली मरीआई असतेच. कुणी कुणाला काही विचारलं नाही. सकाळी मंद्रूपकडचे दोन गडी कुऱ्हाडी घेऊन आले, आणि झाड बघून त्यांनी आधी पायताणं काढली. “आईचं झाड हाय. आमी न्हाय हात लावनार,” म्हणाले आणि पाया पडून गेले. कंत्राटदाराला दुसरे गडी मिळेनात. शेवटी रस्ता झाडाला वळसा घालून गेला. आम्ही बायका पोट धरून हसलो. माझा अर्ज तसाच राहिला.

मग कुणाची तरी सून अवघड बाळंतपणातून सुखरूप सुटली आणि देवी नवसाला पावते असं झालं. मंगळवारी-शुक्रवारी रीघ लागली. मुळांवर तेल ओतायचं, मिठाचे पुडे रिते करायचे, बुंध्यात खिळ्यांनी लिंबं ठोकायची. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तरुणांनी मंडळ काढलं आणि देवीच्या दारात तंबाखू नको म्हणून सगळ्यांत आधी उठवलं ते अक्काला. जिनं देवी बसवली तिलाच! मी भांडायला निघाले.

“असू द्या की बाई,” ती म्हणाली. “झाड तर ऱ्हायलं. सावली माज्या पत्र्यावर पडतीच की.”

पुढे ओटा बांधायचं ठरलं, सिमेंट थेट बुंध्याला भिडवून. मी सांगून सांगून थकले: बुंध्याभोवती हातभर माती मोकळी ठेवा, तेल दिव्यात घाला, नवस बोलायचाच तर बादलीभर पाण्याचा बोला. झाड जगवायला याहून फारसं काही लागत नाही, हे मी वर्गात दर वर्षी शिकवत होते. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, “बाई, देवीला मातीत बसवायचं व्हय?” सगळे हसले. मी अक्काकडे बघितलं. तिनं एवढंच सांगायचं होतं, की हळद मी फासली, झाड वाचावं म्हणून फासली. ती गप्प राहिली. मला तिचा मनस्वी राग आला.

घरी आल्यावर ती हळूच म्हणाली, “खोटं हाय असं कसं म्हनू बाई? आता मलाबी ती दिसती की.”

झाड लगेच मेलं नाही. एका चैत्रात अर्ध्या फांद्यांना पालवी फुटली नाही, पुढच्या चैत्रात कुठंच नाही. लोक म्हणाले, देवी कोपली. कोपली म्हणून आणखी तेल ओतलं. अखेर वाळलेली फांदी कुणाच्या डोक्यात पडायला नको म्हणून नारळ फोडून, देवीची परवानगी घेऊन झाड उतरवलं. दगड आणि ओटा तेवढा राहिला. देवीला ऊन लागतं म्हणून मंडळानं वर पत्रा घातला. पत्रा तापून देवीला उकडतं म्हणून विजेचा पंखा बसवला.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी अक्काकडे गेले. पत्र्यावर टाकलेलं ओलं पोतं केव्हाच वाळून गेलं होतं. ती विड्या वळत होती, पण घामानं बोटांतून पान निसटत होतं. उघड्या दारातून समोर देवीचा पंखा फिरताना दिसत होता. तिथं चिटपाखरूही नव्हतं.

“अक्का, जा की जरा. बस तिथं वाऱ्याला,” मी म्हटलं.

“आईम्होरं तंबाकू घिऊन? न्हाय बाई.”

बसल्या जागेवरून तिनं देवीला हात जोडले, आणि सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.